शिकाऊंची खुर्ची जिन्याखाली

मोठे साहेब, मला जिन्याखाली फेकायचा हुकूम तुमचाच. "या खोलीत तिसऱ्या खुर्चीचं काम काय?" असं दारातूनच विचारलंत आणि उत्तराला थांबलाही नाहीत. ते उत्तर मी आता मुलांना सांगते. तुम्हीही ऐका.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. सुताराने मला शाळेसाठी केलं, पण मी जरा उंच झाले म्हणून शाळेने नाकारलं. मग मी स्मृतिभ्रंशाच्या दवाखान्यात आले. चष्मा कुठे ठेवला हे सगळेच विसरतात. या आजारात चष्मा कशासाठी असतो हेही हळूहळू हरवतं.

खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर होत्या. एक आजाऱ्याची, एक तपासणाऱ्या बाईंची. बाईंच्या मागे मी, शिकाऊंची. या आजारावर संशोधन करायला आलेल्या प्रत्येकाला बाई आधी माझ्यावर बसवत. "आकडे नंतर. आधी माणूस बघा." कुणी पेंगलं तर त्याला चहा करायला पिटाळत.

एक मुलगी आली. डोकं तल्लख, बोलणं सुसाट. बाईंनी तिचं नाव ठेवलं घाईताई.

तेव्हा एक म्हातारे शिंपी तपासणीला येत, सुनेबरोबर. त्यांच्यावर नव्या औषधाचा अभ्यास चालू होता. बाई पाच शब्द सांगत आणि थोड्या वेळाने विचारत. आठवलं नाही तर तीन शब्दांतून एक निवडायला देत.

"गाडी, रस्ता की पूल?"

"गाडी," आजोबा म्हणाले. घाईताईच्या भुवया चढल्या.

"छे, गाडी कसली! रस्ता..." आजोबांनी शब्द बदलला. तिने ओठ चावला.

"पूल!"

तिने मान डोलावली. तिचा सगळा भार माझ्या पुढच्या पायांवर आला होता. बाई खाली बघून लिहीत होत्या, त्यांना काहीच दिसलं नाही. दर खेपेला आजोबांचे गुण वाढत गेले.

सून हरखली. "म्हणजे बाबा सुधारले! मी कामावर परत जाऊ ना? दुपारी एकटे राहतील?"

"खुशाल जा!" घाईताई बोलूनही गेली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आजोबा, एवढं कसं हो आठवलं?"

"आठवायचं काय त्यात? त्या पोरीच्या तोंडावर सगळं दिसतं. गिऱ्हाइकाच्या तोंडावरून कापड पसंत आहे की नाही ते कळायचं मला, हे काय मोठं!"

पुढच्या खेपेला बाईंनी मला आजोबांच्या पाठीमागे ठेवलं. आजोबांनी एकच शब्द बरोबर सांगितला. सगळे गेल्यावर घाईताई रडायला लागली. "मी फसवलं त्यांना."

"फसवलं नाहीस गं, माया केलीस," बाई म्हणाल्या. "पण त्या मायेने आकडा खोटा पडतो. आणि त्या आकड्यावर भरवसा ठेवून सून घराला कुलूप लावून जाते. मला मान स्थिर ठेवायला दोन वर्षं लागली. बस परत. आणि मीही आता कागदावरून डोकं वर काढीन."

साहेब, औषधाने गुण वाढले असं तुम्ही तोवर सगळीकडे सांगून बसला होतात. ते मागे घ्यावं लागलं, आणि राग निघाला बाईंवर. त्यांना दुसऱ्या इमारतीत बसवलंत. तपासणी आता संगणकाच्या पडद्यावर होते, आकडे बंद खोलीतल्या शिकाऊ पोरांपुढे येऊन पडतात. घाईताई तुमच्या दारात येऊन म्हणाली, "मला अजून शिकायचंय." तुम्ही म्हणालात, "शिकणं पुरे, निकाल दे." आता तिच्याच हाताखाली नवी मुलं दिली आहेत, आणि तिचं शिक्षण अर्ध्यावर!

मित्रांनो, माझी कीव करू नका. मला पॉलिश नको, की खिडकीपाशी जागा नको. पण तुमच्यातलं कुणी उद्या या कामाला आलं, तर शेजारी बसून चूक दाखवणारं माणूस आधी मागा. ते मागायला लाजू नका.

आणि साहेब, घाईताईच्या हाताखालची ती मुलं कुणाजवळ बसून शिकणार? "बघू" हे उत्तर नाही. माणसाचं नाव सांगा.