नऊ-चारवरची बोटं

आमच्या टीव्ही स्टेशनचा मालक हार्लन प्रूएट. त्याला मी वर्षभर एकच गोष्ट सांगून थकले होते: टाकी एकच आहे, नळ चार लावले तर धार बारीक होणारच. स्टेशनला प्रसारणाची लहर मिळालेली एक, आणि याने तिच्यातून चार चॅनेल काढलेले. नऊ-एकवर फुटबॉल आणि बातम्या, नऊ-दोनवर जुने काउबॉय, नऊ-तीनवर दिवसभर अंगठ्या विकणाऱ्या बाया, आणि तळाला उरेल ते नऊ-चारला. नऊ-चारवर काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, सभा दाखवतात.

"सभा बघतं कोण?" हार्लन म्हणायचा.

बघणारे होते. सभेत कोपऱ्यात उभी राहून मारिसोल सगळं हातांच्या भाषेत सांगते. माझ्या आईसारखी, जन्मापासून ऐकू न येणारी माणसं तिच्यासाठी ते चॅनेल लावायची. पण इतक्या कमी जागेत हलणारं चित्र मावत नाही. माणूस स्वस्थ बसला असेल तर चेहरा बरा दिसतो. बोटं हलली की त्यांचे नुसते चौकोन होतात.

त्या शनिवारी दुपारी कंट्रोल रूममध्ये मी एकटी होते. सकाळपासून फिंचर खोऱ्याच्या खालच्या अंगाच्या जंगलात आग होती, पण ती डोंगरापलीकडे जाईल असं सगळे म्हणत होते. जेवणानंतर वारा फिरला. आई त्या खोऱ्यात एकटी. शेजारचे दोघं मॅच बघायला स्टेडियमवर गेलेले. मोबाइलचा टॉवर जळाला होता, माझे मेसेज जात नव्हते. वीज मात्र अजून होती, म्हणजे तिचा टीव्ही चालू असणार.

नऊ-चारवर शेरीफ आला, शेजारी मारिसोल. "आग ओढा ओलांडून आली आहे. गिरणी रस्त्यानं कुणीही खाली येऊ नका. खाणीच्या रस्त्यानं वर जा."

खोऱ्यातली माणसं गावात येतात ती गिरणी रस्त्यानेच. आई डोळे झाकून तोच रस्ता धरणार. नऊ-एकच्या तळाशी सरकारकडून आपोआप येणारी धोक्याची पट्टी पळत होती, पण तिच्यात खोरं सोडा एवढंच होतं. कुठल्या रस्त्यानं, ते नव्हतं. म्हणजे ती पट्टी वाचून आई निघाली असती तर थेट आगीतच गेली असती. आमची स्वतःची पट्टी लिहायचं मशीन हार्लनने खर्च वाचवायला विकून टाकलेलं.

रस्त्याचं नाव हातांच्या भाषेत एकेक अक्षर बोटांनी लिहावं लागतं. मारिसोल ते लिहीत होती. मी मॉनिटरला नाक लावलं. तोंडाने बोलायच्या आधी मी शिकले ती ही भाषा, आणि मला एकही अक्षर लागेना.

मी नऊ-तीनच्या अंगठ्यांची जागा काढून नऊ-चारला दिली. दोन्ही चॅनेल काळी झाली, मशीन अडखळलं, आणि मग नऊ-चारवर मारिसोलची बोटं उघडली. स्पष्ट. शेरीफ रस्त्यांची नावं पुन्हा सांगत होता. ख, मग आ, मग ण. मी श्वास सोडला.

आणि तिथेच मला आठवलं. मागच्या रविवारी जेवताना आई म्हणाली होती, "नऊ-चार मी कधीच सोडलं. ती बाई कणीक मळतेय की बोलतेय तेच कळत नाही. त्यापेक्षा फुटबॉल बरा. त्याला कान लागत नाहीत." मी हसले होते.

म्हणजे मी इतकं स्वच्छ करून दाखवत होते ते रिकाम्या खुर्च्यांना.

फोन वाजला. हार्लन. "अगं, अंगठ्या कुठे गेल्या?"

"काढल्या. आता मॅचही काढतेय."

"वेडबिड लागलंय का तुला? शेवटची आठ मिनिटं राहिलीत. अख्खी काउंटी बघतेय."

"म्हणूनच."

"पट्टी चालू आहे ना खाली? मॅचला हात लावलास तर सोमवारी यायचं नाही."

"तुम्ही या मग सोमवारी," मी म्हटलं आणि फोन उलटा ठेवला.

शेरीफचं बोलणं मी मारिसोलसकट रेकॉर्ड केलेलं होतं. त्यातला रस्त्यांचा तुकडा नऊ-एकवर चढवला, पुन्हा पुन्हा. टाकीतलं होतं नव्हतं ते सगळं त्या एका चित्राला. काउबॉय आणि नऊ-चारसुद्धा बंद केले. स्टेशनचे सगळे फोन एकदम वाजायला लागले. एक उचलला तर गृहस्थ माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागला. "घर फिंचर खोऱ्यात आहे का तुमचं?" मी विचारलं. नाही म्हणाला. मी फोन ठेवला. पुढचा उचलायचं धाडस झालं नाही, कारण बातमी आलीच तर त्याच फोनवरून येणार होती. मी हात काखेत धरून बसले. देवाचं नाव मी एरवी घेत नाही. त्या दुपारी घेतलं.

आई मला संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये सापडली, खोऱ्यातून निघालेल्यांची सोय तिथे केलेली. खाणीच्या रस्त्यानं आलेली, केसांना धुराचा वास, हातात कॉफी. मी तिला इतकं घट्ट धरलं की कॉफी सांडली. तिनं मला बाजूला सारलं, कारण बोलायला तिला हात मोकळे लागतात.

"मारिसोलच्या अंगठीतला खडासुद्धा दिसला," ती म्हणाली. "इतकं स्वच्छ कसं काय?"

"बाकीचे तिन्ही बंद केले. पण नुसतं अंगठ्यांचं चॅनेल काढलं तरी नऊ-चार वाचता येतं."

"आजच जमलं? की कधीही जमलं असतं?"

खोटं माझ्या अगदी बोटांवर आलं होतं. "कधीही," मी म्हटलं.

"आणि उद्या?"

"हार्लननं सगळं पुन्हा होतं तसं केलंय. मगाशीच."

आईनं कप खाली ठेवला. दोन्ही हात मांडीवर, एकावर एक ठेवले. माझ्याशी भांडताना ती कधी थांबत नाही. त्या संध्याकाळी तिनं ते हात पुन्हा उचलले नाहीत.