धबधब्याचे दोन कान

एकतीस वर्षं फोटो स्टुडिओत माणसांना स्टुलावर बसवून ‘हलू नका’ म्हणण्यात गेल्यावर लोक त्याला हलूनकाच म्हणू लागले, तर त्यात त्यांची काय चूक? अर्ध्या गावाच्या ओळखपत्रांवरचे चेहरे, दोन्ही कानांसकट, त्याने काढलेले. पण एखाद्या भिंतीकडे बोट दाखवून ‘हा फोटो त्याने काढलाय’ असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. ही सल त्याने एकदाच मुलीला बोलून दाखवली आणि फसला. तिने नव्या घरातली एक भिंत मोकळी ठेवली.

“बाबा, इथे तुम्ही काढलेला धबधबा. महिनाभरात नाही आला, तर घड्याळ लावते.”

धबधब्यात काय एवढं, पाणी पडतंच असतं, आपण फक्त बटण दाबायचं, अशा थाटात साहेब भर दुपारी ट्रायपॉड घेऊन निघाले. पाणी मऊ दिसावं म्हणून शटर चांगलं सेकंदभर उघडं ठेवलं. उन्हात सगळं पाणी पांढरंफटक झालं.

“ही वाळत घातलेली चादर कशाला काढलीत?” बायकोने विचारलं.

पुढच्या रविवारी ढग होते. शटर या वेळी बेताने उघडलं, पाण्याची एकेक धार दिसू लागली. पण धबधबा बरोबर मधोमध, ताठ, आणि दोन्हीकडचे खडक अगदी सारखे.

“दोन्ही कान छान आलेत,” बायको म्हणाली. रागवायची सोय नव्हती. बटण दाबण्याआधी आपण धबधब्याला ‘हनुवटी थोडी खाली’ म्हणालो होतो, हे त्याने तिला सांगितलंच नाही.

तिसऱ्या वेळी तो मुद्दाम बाजूला सरकला, तो इतका की घसरून कमरेपर्यंत पाण्यात बसला. कॅमेरा तेवढा वाचवला. आता उठलो तर काठावरचे लोक हसतील, म्हणून ट्रायपॉड तिथेच रोवून फोटो काढला. पुढ्यात काळा खडक, पाणी एका कडेने. बायकोने फोटो बघितला आणि फ्रेम करणाऱ्याचा नंबर काढून दिला. टोमणा नाही, म्हणजे जमलं होतं.

फोटो भिंतीवर लागला. शेजारच्या काकू आल्या.

“हा फोटो कोणाचा गं?”

“बाबांचा,” मुलगी म्हणाली.

काकूंनी चष्मा लावला आणि आधी पाण्यात, मग खडकामागे शोधलं. “कुठे दिसत नाहीत ते!”

तो खुर्चीतून उठला. “मी त्यात नाही. तो मी काढलाय.” एवढंसं वाक्य, पण ते बोलून त्याने बाहीने डोळे पुसले.

काकू गडबडल्या. “अहो, रडताय कशाला? चांगला आलाय की!”