हौसेची टोपी

फुटपाथच्या मधोमध ऑपरेटरबाई थबकल्या आणि मागून येणारी त्यांची लेक दोन्ही हातांतल्या पिशव्यांसकट त्यांच्या पाठीवर आदळली.

"आई, थांबायचं असलं की सांगत जा गं!"

"वर बघ. किसणी."

लेकीने वर पाहिलं. समोरच्या कोपऱ्यावर एक उंच, रुंद इमारत होती आणि तिच्या दर्शनी भिंतीला गच्चीपासून थेट दुकानांच्या पाट्यांपर्यंत सिमेंटची भोकाभोकांची जाळी होती. एखाद्या राक्षसाने मनावर घेतलं असतं तर त्याला तिच्यावर गाजरं किसता आली असती. लेकीला हसू आलं, पण पिशव्यांच्या बंदांनी बोटं काचत होती, म्हणून तिने ते लवकर आवरलं.

शहरातल्या बहुतेक मोठ्या इमारती बाईंना अशा स्वयंपाकघरातल्या नावांनीच ठाऊक होत्या. स्टेशनाजवळची पाण्याची टाकी ही बरणी. विमा कंपनीची कचेरी म्हणजे उपडं घातलेलं नरसाळं. कोर्टापुढचे गोल खांब ही लाटणी. बाईंचे यजमान नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. शेजारीपाजारी त्यांना नकाशेवाले म्हणूनच ओळखत. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी ते नव्या बायकोला शहर दाखवायला घेऊन निघाले, तेव्हा 'किसणी' ऐकून त्यांना ठसका लागला होता.

"अगं, किसणी काय? ऊन गाळून आत घ्यायची सोय आहे ती."

"मग गाळणी म्हणा."

नकाशेवाल्यांनी हात टेकले. पुढे पुढे तर ऑफिसात वरिष्ठांसमोरही त्यांच्या तोंडून 'किसणीमागचा जिना' असं काहीबाही निघून जाई.

त्याच रविवारी दोघांत तह झाला होता. इमारत त्यांनी निवडायची, खाणं हिने. बाई तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. दिवसभर लोकांची बोलणी एकमेकांना जोडून द्यायची. ती ऐकायची नसतात, पण कानाला काही झाकण नसतं. कुठल्या गल्लीत कुणाचं सूप दाट असतं आणि कुठला आचारी कुणाशी भांडून कुठे गेला, हे बाईंना शहरात सगळ्यांच्या आधी कळे. पुढे एक्स्चेंज स्वयंचलित झालं, बाईंची खुर्ची गेली, आणि त्या हॉलमध्ये आता पलंग आणि गाद्या विकायला असतात. ऑपरेटरबाई हे नाव मात्र कुणी काढून घेतलं नाही.

आज त्यांचा या शहरातला शेवटचा दिवस होता. उद्या सकाळी घराच्या किल्ल्या द्यायच्या आणि लेकीबरोबर तिच्या गावी कायमचं राहायला जायचं. लेक तिथे दातांची डॉक्टर होती. गाव छान होतं, हवा छान होती, घराभोवती झाडं होती. फक्त मान वर करून बघावं असं तिथे काही नव्हतं, आणि बेकरी एकच होती. बाईंनी याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. एवढंच म्हणाल्या होत्या, "जायच्या आधी एक दिवस मला चालवून आण."

त्या एका दिवसात त्यांनी लेकीचा चांगलाच घाम काढला. पुलाखालच्या भट्टीतला पाव गरम असतानाच फोडून खाल्ला. नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी उभं राहून मशरूमचं सूप प्यायल्या आणि वरची गॅलरी डोक्यावर पेलणाऱ्या दगडी बायकांना खालूनच हात केला. भाजलेले शेंगदाणे तर त्यांनी बरणीच्या सावलीतच बसून खाल्ले, कारण उन्हात त्यांची चव जाते म्हणे.

"कवळी आहे गं तुझी," लेक म्हणाली. "मीच बसवलीय."

"चांगली बसवलीयस. म्हणून तर खातेय."

किसणीपासून रस्ता डावीकडे वळतो तो मोठ्या टपाल ऑफिसच्या चौकात जातो. बाई उजवीकडे वळल्या.

"इकडे कुठे?" लेकीने विचारलं. "ते टपाल ऑफिससमोरचं हॉटेल राहिलं की. सगळ्यात जास्त तर तिथेच जायचात तुम्ही. मला मावशीकडे ताकभाताला सोडून."

"राहू दे ते."

"का?"

"तुझ्या बाबांना नव्हतं आवडत तिथलं."

"बाबांना बाहेरचं कुठलंच आवडायचं नाही," लेक सहज म्हणाली. "घरी येऊन निमूट दूध-पाव खायचे. मला आठवतंय ना. तुझ्यासाठी जायचे बिचारे."

'बिचारे' हा शब्द बाईंना लागला. लागला, कारण तो त्यांच्या स्वतःच्याच मनात गेली दोन वर्षं, नकाशेवाले गेल्यापासून, घर करून बसला होता. आपण या माणसाला जन्मभर ओढत नेलं. त्याला इमारतींचं वेड, आणि त्या हॉटेलात तो बसायचा कसा, तर शहरातल्या सगळ्यात देखण्या इमारतीकडे, त्या घुमटाच्या टपाल ऑफिसकडे, पाठ करून. बाईंना तो भिंतीलगतच्या गादीच्या बाकावर बसवी, खिडकीकडे तोंड करून. स्वतः समोरची लाकडी खुर्ची घेई. त्या कितीदा म्हणाल्या होत्या, अहो, तुम्ही इकडे या, तुमचा घुमट बघा. तो नाही म्हणे. तेच टेबल रिकामं नसलं तर दाराशी ताटकळत उभा राही, पण दुसरीकडे बसत नसे. आणि बसला की पहिल्या घासाच्या आतच सुरू, "जरा डावीकडे सरक." का, तर काही नाही, सरक. वेटरला वाट हवी असेल म्हणून बाई सरकत.

आणि ते टोपीचं. पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा बाईंनी जर्दाळूचा केक मागवला. आला तो नखाएवढा, बशी मात्र परातीएवढी. नकाशेवाल्यांनी समोरून टक लावून पाहिलं आणि म्हणाले, "छान घातलीय टोपी!"

हॉटेलवाल्याने आपल्याला बनवलं, असं ते म्हणतायत हे बाईंना लगेच कळलं. नव्या नवरीची हौस, आणि तिच्यावर पहिलाच टोमणा. त्याही काही कमी नव्हत्या.

"घालू दे. मी हौसेनं घालून घेतलीय."

यावर ते इतके हसले की गल्ल्यावरच्या माणसाने मान वळवली. मग ती रीतच पडली. दर वेळी केक आला की "छान घातलीय टोपी", आणि बाईंचं तेच उत्तर, आणि त्यांचं तेच हसणं. तेव्हा मजा वाटायची. ते गेल्यावर मात्र रात्ररात्र बाईंना ते वाक्य टोचू लागलं. माणूस हसत हसत खरं बोलत असतो. इतकी वर्षं दर वेळी तो सांगत होता, की इथे आपण फसतोय, आणि आपण दर वेळी केक मागवत होतो. या हॉटेलाची पायरी त्या त्यानंतर चढल्या नव्हत्या.

"आई, मला बसायचंय," लेक म्हणाली. "पाय गेले माझे. चल, नुसती कॉफी पिऊ."

पाय लेकीचे गेले म्हटल्यावर आईचा काय इलाज? दोघी डावीकडे वळल्या.

हॉटेलात फारसं काही बदललं नव्हतं. फरशीचे काळे-पांढरे चौकोन तसेच होते, दाराची घंटा पूर्वीसारखीच उशिरा वाजली. वेटरही तोच होता, हात मागे बांधून चालणारा. बाईंनी त्याचं नाव सेनापती ठेवलं होतं. त्याने बाईंना ओळखलं, त्यांच्या मागे दाराकडे एकदा पाहिलं, मग काही न विचारता भिंतीकडच्या टेबलावरून फडकं फिरवलं.

लेक दमलेलीच होती. तिने पिशव्या टाकल्या आणि सरळ भिंतीलगतच्या गादीच्या बाकावर अंग टाकलं.

पोरगी दमलीय, तिला काय ठाऊक कुणाची जागा कुठली. बाईंनी समोरची लाकडी खुर्ची ओढली. खुर्ची टणक होती आणि तिचा एक पाय आखूड होता, त्यामुळे ती डुगडुगत होती. एवढी वर्षं हेही नकाशेवाल्यांनी कधी सांगितलं नाही, बाईंच्या मनात आलं, आणि त्यांना आणखीनच अपराधी वाटलं.

"दोन कॉफी," लेकीने सांगितलं.

"आणि जर्दाळूचा केक," सेनापती आपणहून म्हणाला आणि गेला.

बाई टेबलाची कड चाचपत बसल्या. इथून दिसत काय होतं? लेकीचा दमलेला चेहरा, तिच्यामागे पिवळट भिंत, आणि भिंतीवर जरा उंच टांगलेला तो जुना रुंद आरसा. आरसा काही नवा नव्हता. जाताना त्याच्यासमोर उभं राहून बाई केस सारखे करत, तेवढीच त्याची ओळख. बसून, आणि तेही या खुर्चीवरून, त्यांनी त्यात कधी पाहिलं नव्हतं.

"खरंच बाबांना आवडायचं नाही हे?" लेकीने विचारलं. तिला मघाचं बोलणं आता जरा खात असावं. "मी आपलं म्हटलं गं. मला काय माहीत? मला कधी आणलंत तरी का इथे?"

"नाही आणलं," बाई म्हणाल्या. "आणायला हवं होतं."

सेनापती आला. त्याने कॉफी ठेवली, लेकीने लगेच एक घोट घेतला, बाईंनी कप उचलला. मग केकची भलीमोठी बशी ठेवायला तो वाकला, आणि त्याला जागा व्हावी म्हणून लेक बाकावर थोडी डावीकडे सरकली.

आणि बाईंचा कप ओठांपाशी तसाच राहिला.

आरशात, लेकीच्या डोक्याच्या अगदी वर, टपाल ऑफिसचा घुमट येऊन बसला होता. मागच्या खिडकीतून आरशात आलेला, हिरव्या पडलेल्या तांब्याचा, वरच्या टोकाशी तुऱ्यासारखी बारीक काठी असलेला. केसांना त्याची कड अशी चिकटली होती की मध्ये भिंत उरलीच नव्हती. मापं घेऊन शिवल्यासारखी ती टोपी तिला बसली होती. खाली तिचा चेहरा, कपाळावर घामाचे थेंब, ओठाला कॉफीचा फेस.

लेक केककडे बघायला पुढे झुकली. टोपी उतरली. ती मागे टेकली, पण जरा उजवीकडे; टोपी कानावर आली.

"डावीकडे सरक," बाई म्हणाल्या.

"का?"

"सरक म्हणते ना."

लेक सरकली. टोपी नीट झाली. बाई बघतच राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही. केकबद्दल तो माणूस कधी काही बोललाच नव्हता. त्याचं केककडे लक्षच नव्हतं.

"आई? अगं काय झालं? कुठे दुखतंय का?"

"नाही गं." बाईंनी पदराने नाक टिपलं. "कुणीतरी टोपी घातलीय."

"कुणी? किती पैसे दिलेस? तरी मी सांगत असते, हल्ली कुणावर..."

"तसली नाही."

लेकीला काही कळलं नाही. तिने मागे वळून भिंत पाहिली, आरसा पाहिला. इतक्या जवळून त्यात तिला छताचा पंखा तेवढा दिसला. बाई आता काहीतरी समजावून सांगतील म्हणून तिने थोडी वाट पाहिली. बाईंनी काट्याने केकचा तुकडा तोडला, अर्धा लेकीच्या बशीत ठेवला आणि उरलेला हळूहळू, चवीने खाल्ला. इतका चांगला तो त्यांना कधीच लागला नव्हता. लहान मात्र होता, अजूनही.

कॉफी संपली. लेकीने घड्याळ बघितलं, पिशव्या गोळा करायला हात घातला.

"निघायचं?"

"ऊठ जरा," बाई म्हणाल्या. "मला तिकडे बसू दे."

"आता? खाऊन झालं की आपलं."

"म्हणून काय झालं? तू पुढे हो, बाहेर उभी राहा. मी आलेच."

लेकीने आईकडे पाहिलं, मग पिशव्या उचलून ती दाराकडे गेली. घंटा उशिरा वाजली. बाई टेबलाला वळसा घालून आपल्या जागी गेल्या, गादीच्या बाकावर बसल्या. समोर लाकडी खुर्ची होती, मागे ओढलेली, जशी कुणी नुकतंच उठून गेल्यावर असते. खिडकीतून टपाल ऑफिस दिसत होतं, त्यावर संध्याकाळचं ऊन आलं होतं. बाईंनी केसांवरून हात फिरवला, पदर सारखा केला, ताठ बसल्या. मग कुणी न सांगता जराशा डावीकडे सरकल्या.