रस्सीखेच आणि शेजारची भिंत

मुरुडच्या शाळेत वैजनाथ सर विज्ञान शिकवत आणि शेजारच्या वर्गात त्यांची बायको, सिंधुबाई, मराठी. शिकवताना सरांचा आवाज चढला की बाई भिंतीवर दोन थापा मारायच्या. सर "हो, हो" म्हणायचे आणि आवाज उतरवायचे. गेल्या पोळ्याला बाई वारल्या. मग सर कितीही ओरडले तरी भिंत गप्प. तेव्हा सरांनी दहावीचा तासच उचलून मैदानावर नेला. पोरांना सांगितलं, भौतिकशास्त्र खेळातनं शिकायचं.

"लातूरची पोरं तिसरी उजळणी करून राहिलीत अन् आमची दोर ओढून राहिलीत, असं पालक म्हणतात," मुख्याध्यापिका विशाखा मॅडम म्हणाल्या. "आज रस्सीखेचीत पोरींनी पोरांना हरवलं तर मैदान तुमचं. नाहीतर उद्यापासून वर्गात."

सरांना तो वर्ग नको होता. त्यांनी पोरींना बाजूला घेतलं. "ताकद विसरा. दोराला ताण दोन्हीकडं सारखाच. ज्याच्या पायाखाली घर्षण जास्त, तो जिंकला."

साक्षीनं हे फारच मनावर घेतलं. धूळ बसावी म्हणून, असं सांगून तिनं पोरांच्या बाजूला दोन बादल्या पाणी मारलं. शिट्टी झाली. दांडगा सुदर्शन अख्ख्या संघासकट घसरत पोरींच्या पायाशी आला.

"लई हुशार हाय की," चिखल पुसत तो म्हणाला. "चला, आता बाजू बदला."

डाव झाला की बाजू बदलतात, हे सर विसरले होते. साक्षीही. दुसऱ्या डावात पोरी चिखलात. तिसऱ्याला नाणं उडवलं, ते पोरांच्या बाजूनं पडलं, आणि पोरी पुन्हा चिखलात लोळल्या.

"मग, घर्षण कळलं का?" मॅडमनी साक्षीला विचारलं.

"हाव मॅडम. पायाखाली होतं तवर कळलं न्हाई. गेलं तवा कळलं."

सगळे हसले. सर खाली बसून दोर गुंडाळत होते. गुंडाळून झाला तरी उठेनात.

दुसऱ्या दिवशी ते वर्गात गेले. शेजारी बाईंच्या जागी अजून कोणी आलं नव्हतं, मराठीचा तास विशाखा मॅडमच घेत होत्या. सरांनी न्यूटनचा तिसरा नियम काढला आणि सवयीनं आवाज चढला. "जेवढी क्रिया, तेवढीच..."

भिंतीवर दोन थापा पडल्या.

सरांचा खडू फळ्यावर तसाच टेकून राहिला.

"प्रतिक्रिया, सर," साक्षी म्हणाली.

"हो, हो," सर भिंतीला म्हणाले. मग त्यांनी तोच नियम पहिल्यापासून सांगायला घेतला, जरा जास्तच मोठ्यानं.