स्टेटसमध्ये न मावलेलं

आमच्या घरात बढाया मारायचं खातं लाईबाच्या अब्बांकडे आहे. इथे बहरीनमध्ये, मुहर्रकला गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात ते क्लार्क आहेत. तिथे ब्रेकचा पार्ट घ्यायला आलेला माणूस आमची लेक काय करते ते ऐकल्याशिवाय बाहेर पडत नाही. मी चिडते. पण खरं सांगायचं तर ते दम घ्यायला थांबले की पुढचं मीच सांगते.

लाईबा जवळच बुसैतीनला मेडिकल कॉलेजच्या लॅबमध्ये आहे. काम स्तनाच्या कॅन्सरवर. गाठीकडे सगळेच बघतात, आमची लेक बघते गाठीच्या शेजारपाजाराकडे. भोवतीचं मांस मऊ असलं तर कॅन्सरच्या पेशी काही वेळा जागच्या जागी बसून राहतात. तेच घट्ट, दोऱ्यादोऱ्यांचं झालं की त्या दोऱ्यांना धरून बाहेर सटकतात आणि अंगभर पसरायला बघतात. एवढं माझ्या डोक्यात शिरायला एक अख्खा रमजान गेला. "अम्मी, इट्स कॉम्प्लिकेटेड," म्हणून ती दर वेळी सुटका करून घ्यायची, आणि मी ताट वाढायची थांबायची. मग ती बरोबर सांगायची.

तिने एक व्हिडिओ बनवला होता. आधी मऊ जेलीत ठेवलेल्या पेशी दिसतात, गप्प बसलेल्या. मग घट्ट जेलीतल्या. अब्बांनी तो मागून घेतला आणि स्टेटसला टाकला. वर लिहिलं, "अल्हम्दुलिल्ला! कॅन्सर जागीच बंद. संशोधक लाईबा जैनुद्दीन." शुक्रवारी जुम्म्यानंतर आमच्या रत्नागिरीकडच्या गावची माणसं अरादला एकत्र जेवतात. तिथेही फोन पंगतीत सगळ्यांच्या हाती फिरला. पडद्याच्या आत, बायकांच्या बाजूला तो मीच घेऊन गेले होते, आणि माझी मान चांगली ताठ होती.

सोमवारी संध्याकाळी सुरैया आली. अरादला शिवणकाम करते, आमच्याच गावची, लाईबाचे लहानपणचे सगळे फ्रॉक तिच्या हातचे. खोबऱ्याच्या वड्यांचा डबा तिने लाईबाच्या मांडीवर ठेवला.

"घे बाय. आणि आता माझा औषध काढ."

"कसलं औषध, खाला?"

सुरैयाने छातीवर हात ठेवला. गाठ होती. तपासणीत कॅन्सर निघाला होता, गुरुवारी ऑपरेशन होतं. यातलं तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. "पण आता कशाला कापून घेऊ? मी सकाळी हॉस्पिटलात फोन केला, बोलली नाय येत. जैनुद्दीनभाईंच्या फोनात मी माझ्या डोळ्यांनी बगितलाय. गप बसतात ना त्या? माझ्या पण बसव."

लाईबाने बापाकडे पाहिलं. "अब्बा, बाकीचा व्हिडिओ कुठे आहे?"

"स्टेटसमध्ये मावत नव्हता," अब्बा म्हणाले. "मागचा भाग कापला. तसाही तो बघायला बरा नव्हता."

मला इतका संताप आला की हातातली किटली आपटली. माणूस लेकीचं कौतुक करतो ते ठीक, पण अर्धंच करतो! आणि ते अर्धं मीच पडद्याआड मिरवलं होतं, म्हणून बोलायचीही सोय नव्हती.

लाईबा मात्र ओरडली नाही. सुरैयाच्या शेजारी बसली आणि सबंध व्हिडिओ लावला. मऊ जेलीचा भाग संपला. मग घट्ट जेली आली. पेशी लांबट झाल्या, त्यांना टोकं फुटली, आणि एकेक करून दोऱ्यांवरून सरकत त्या काचेच्या कडेपर्यंत गेल्या.

"ह्या चालतात?" सुरैयाने विचारलं.

"हो, खाला."

"मग त्यांना बसव ना. तुला येतंय."

लॅबमधलं काही मराठीत विचारलं की आमची लेक इंग्रजीत उत्तर देते. त्या दिवशी एकेक शब्द शोधून मराठीत बोलली. "जेली मी बनवते, म्हणून ती मऊ होते. तुमच्या आतलं मला मऊ करता येत नाही. अजून कुणालाच नीट येत नाही. तुमच्या पेशी बसल्यात की निघाल्यात, तेही मला माहीत नाही. म्हणून निघायच्या आधी काढायचं. औषध मी शोधत असेन, खाला, पण तुम्ही माझ्यासाठी थांबायचं नाही."

सुरैया रडली. मीही रडले. एवढी शिकलेली पोरगी, आणि "मला माहीत नाही" हे सरळ डोळ्यांत बघून म्हणाली. तिच्याबद्दल इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता, पहिला नंबर आला तेव्हाही नाही.

"गुरुवार परत मिळंल?" सुरैयाने पदराने नाक पुसलं.

अब्बा तोवर चपला घालून दारात उभे होते. "यल्ला, चला. फोनवर नाही, समोर उभं राहून मागू."

गुरुवार दुसऱ्या कुणाला गेला होता. पुढचा मंगळवार मिळाला. त्याच्या आधीच्या शुक्रवारी अब्बांनी पंगतीत उभं राहून सबंध व्हिडिओ दाखवला आणि स्वतः काय कापलं होतं तेही सांगितलं. सुरैयाचं नाव घेतलं नाही. तिनेच आतून सांगितलं, "ती मी." मग तिला डबा कुणी द्यायचा, तिचं शिवणकाम कुणी बघायचं, यावरून बायकांत भांडणं लागली.

ऑपरेशन झालं. काढलेल्यातला थोडा तुकडा अभ्यासाला द्याल का, असं हॉस्पिटलात विचारलं, तेव्हा सुरैया म्हणाली, "गाठच का, तिच्या शेजारचा पण घ्या. आमच्या पोरीला तोच लागतो."

उपचार अजून चालू आहेत. परवाच्या शुक्रवारी ती डोक्याला रुमाल बांधून जेवायला आली. बाहेर पुरुषांच्या पंगतीत आमच्याच गावच्या नजीबने अब्बांना छेडलं, "काय जैनुद्दीनभाई, निघाला का पोरीचा औषध?"

अब्बा उभे राहिले. पूर्वीसारखीच छाती पुढे, पूर्वीसारखाच आवाज. "नाही निघालं! इंशाल्ला निघेल. तोवर कुणी हॉस्पिटलची तारीख चुकवायची नाही. माझी लेक सांगते!"

"जैनुद्दीनभाई," पडद्याआडून सुरैया ओरडली, "आता तरी पुरा सांगा! त्यात माझा पण तुकडा हाय!"