न विचारता दिलेलं मत

सुकापूरच्या देवळात हरिनाम सप्ताहाचा तिसरा दिवस. सकाळी नऊला धनेश टाळ घेऊन आला, तर दादूकाका गळ्यात वीणा घालून एकटेच उभे. सप्ताहात वीणा खाली टेकवायची नाही. दर दोन तासांनी पुढच्या घरचा माणूस येऊन ती गळ्यात घेतो. काकांच्या पोटऱ्या थरथरत होत्या.

"कधीपासून उभे आहात?"

"पाचाला घेतली. सातला कुनी आलाच नाय. हाक कशी मारू, तोंडात नाम. तुजा मेसेज गेला नाय वाटतं."

कोणत्या तिथीला, म्हणजे एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत, कोणत्या घरांचा पहारा, हे आदल्या दिवशी घराघरांत कळवणारा प्रोग्राम धनेशनंच केलेला. तेव्हापासून गावानं देवळात यादी लावणंही सोडलं होतं. प्रोग्राम ज्या प्रोग्रामिंग भाषेत होता, तिच्या मूळ संचातच तिथी मोजणारं एक्स्टेन्शन, म्हणजे तयार जोड, यायचं. संचात काय ठेवायचं हे ठरवणाऱ्या सात जणांत धनेशला घेतलं, तेव्हा याच सभामंडपात शाल-नारळ देऊन त्याचा सत्कार झाला होता. आणि तिथीचं एक्स्टेन्शन संचातून काढून टाका, असं मत त्यानंच दिलं होतं. काढा म्हणणाऱ्यानं आधी वापरणाऱ्यांना विचारायचं, हा तिथला नियम. धनेशनं लिहिलं होतं, 'विचारलं. कोणी वापरत नाही.' विचारलं कुणालाच नव्हतं. वर हौसेनं, ते एक्स्टेन्शन नसलेली भाषेची नवी चाचणी आवृत्ती देवळाच्या कॉम्प्युटरवर आदल्या सकाळीच त्यानं चढवली होती.

त्यानं वीणा आपल्या गळ्यात घेतली. "बसा काका. चूक माझी."

"मशीन हाय, बिगडते."

"मशीन नाही बिघडलं. मी खोटं बोललो." त्यानं सगळं सांगितलं.

काका गुडघे चोळत म्हणाले, "मंग मला इच्यारायचास. मी वापरतो नं. कीर्तनाला पयल्या रांगेत बसतोस, बुवा खरा बोला सांगतात तवा झोप लागते काय?"

अकराला, काकांनी फोन करून बोलावलेल्या कुमारनं वीणा घेतली. एक्स्टेन्शनबद्दल त्या सात जणांचा अंतिम निर्णय संध्याकाळी होता. पायरीवर बसून धनेशनं त्यांना मोबाईलवर इंग्रजीत लिहिलं, 'फेरविचारांती मत बदलत आहे.' वीणेच्या पट्ट्यानं खांदा चुरचुरत होता. त्यानं ते खोडलं. 'मी कुणालाही विचारलं नव्हतं. त्यामुळे आमच्या देवळात एक म्हातारा माणूस पाच तास उभा राहिला. हे एक्स्टेन्शन संचात राहू द्या.'

पाठवण्याआधी त्यानं ते काकांना मराठीतून वाचून दाखवलं.

"पाच नाय, चार," काका म्हणाले. "आता तरी खरा लिव."