कुणासाठी वाजू?

मित्रांनो, मी एक जुनी हलगी. कडं लोखंडाचं, कातडं शेळीचं आणि जन्म गडहिंग्लजचा. बाळासोनं मला एसटीत मांडीवर घेऊन कोल्हापुरात आणलं. तो बावड्याच्या साखर कारखान्यात कामाला होता आणि फुटबॉलचा वेडा होता. कोल्हापुरात तालमींचेच फुटबॉल संघ असतात; आमच्या उगवती तालमीची मॅच असली की त्याला जेवण गोड लागायचं नाही.

तापवल्याशिवाय मी वाजत नाही, भद्द आवाज येतो. म्हणून मॅचआधी बाळासो मैदानाच्या भिंतीमागं पेपर पेटवून मला शेकायचा. खेळाचं पान तेवढं घडी घालून खिशात ठेवायचा. मग दोन काड्या हातात घेतल्या की अख्खी गॅलरी उभी! "बाळासो, हाण की जोरात!" लोक ओरडायचे. काय ते दिवस होते! मला तेव्हा मोठा तोरा होता, खोटं कशाला बोलू?

गल्लीतला सम्राट आमच्या संघात आला, तेव्हा बाळासोनं त्याच्या गोलासाठी एक वेगळा ठेका बसवला. तो ठेका पडला की सम्राट आमच्याकडे बघून हात वर करायचा.

पुढे सगळंच बदललं. दर हंगामात खेळाडू बाहेरून येऊ लागले, वर्षभर खेळून दुसऱ्या तालमीत जाऊ लागले. गेल्या साली ज्याला शिव्या घातल्या, तोच यंदा आमचा शर्ट घालून उभा! बाळासो नावं पाठ करायचा. मग त्यानं तेही सोडलं. एके वर्षी सम्राटलाच संघात जागा राहिली नाही. तो समोरच्या संघात गेला.

आणि त्याच वर्षी ती मॅच झाली. सम्राटनं डावीकडून पळत येऊन गोल मारला. आमच्यावर मारला! पण शर्ट कुठला हे कळायच्या आत बाळासोचे हात चालले. सम्राटचा ठेका वाजला, माझ्याच अंगावर. मैदानात सम्राट वळला, त्यानं हात अर्धा वर केला आणि खाली घेतला.

आमची गॅलरी गप्प झाली. मग कुणीतरी ओरडलं, "अय बाळासो, कुणाकडनं हायस रं तू?"

बाळासोनं काड्या खिशात घातल्या आणि मॅच संपेपर्यंत नुसता बसून राहिला. त्याला राग आला नव्हता. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मी स्वयंपाकघरात खुंटीला आहे. कातडं सैल पडलंय. खेळाचं पान आता बाळासोची बायको बायडाबाई फळीवर अंथरते.

परवा उगवतीनं कप जिंकला. मिरवणूक आमच्या दारावरून निघाली होती, गुलाल उंबऱ्यापर्यंत आला. बाळासो भाकरी खात होता. बायडाबाईला राहवलं नाही. तिनं मला खाली काढलं, गॅसवर फिरवून फिरवून शेकलं आणि त्याच्यापुढं धरलं.

"आवं, आपली तालीम जिंकली की! उठा!"

त्यानं बोटानं एकदा टिचकी मारली. मित्रांनो, मी खणखणीत वाजले! माझा मलाच विश्वास बसेना.

"वाजतीया की अजून," बायडाबाई म्हणाली.

"व्हय. हलगीत काय खोट न्हाय," बाळासो म्हणाला. "पर वाजवू कुणासाठी? त्या खेळाडूंतला एक तरी वळून बघंल का?"

त्यानं मला बाजूला ठेवलं आणि आमटी वाढून घेतली.

मित्रांनो, तुमच्या गल्लीतलं कुणी खेळत असेल, तर शर्ट कुठलाही असो, त्याला नावानं हाक मारा. आणि कुणी तुमच्यासाठी वाजवत असेल, तर एकदा त्याच्याकडे वळून बघा. माझं फार मागणं नाही.

मिरवणूक पुढच्या चौकात गेली. बाळासोनं दुसरी भाकरी मोडली. मी त्याच्या पाटाशेजारी पडून गार होत गेले.